वेगाचे माप आणि गावाचा हिशेब

(धानोरा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यवहार कोणताही असो, त्यातील माप निश्चित नसेल तर न्याय होत नाही. धानोरा तालुक्याला ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात दर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा धरतात आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. मुरूमगाव ओलांडून पलीकडे गेले की झाड तेच आणि पानही तेच, परंतु गड्डी मात्र ५० पानांची. गोणी तिकडेही १,००० गड्ड्यांचीच धरतात. म्हणजे अलीकडच्या गोणीत ७०,००० पाने, तर पलीकडच्या गोणीत ५०,०००. नुसता गोणीचा भाव ऐकून जो सौदा करील, त्याला आपण फसलो की लाभलो हे कळणार नाही. पुड्यात पाने किती, हे ज्याने आधी विचारले त्यालाच भाव कळला.

आज गावात आणखी एक जिन्नस येत आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, तराजूत तोलता येत नाही, आणि तरी त्याचे माप ठरलेले असते. तो जिन्नस म्हणजे माहिती. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात, शाळेत, आरोग्य केंद्रात आणि तहसील कार्यालयात माहिती किती वेगाने येते आणि जाते, यावर आता दाखले, शिष्यवृत्त्या, धान्याचे वाटप आणि मजुरीची देयके अवलंबून आहेत. या वेगाची मापे मात्र अनेक आहेत. काही तारायंत्राच्या काळातील, काही टेलिफोनच्या काळातील, काही अगदी अलीकडची. एकाच कपाटातील दोन फायलींत दोन निराळी मापे असू शकतात. त्यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा विषय आहे.

मापे बदलण्याचा अनुभव

मापांचे असे स्थित्यंतर देशाने पूर्वीही पाहिले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे असा हिशेब प्रत्येकाला करावा लागला. १९५६ च्या कायद्यानुसार १९५८ पासून मेट्रिक वजने व्यवहारात येऊ लागली. शेराचे सुमारे ९३३ ग्रॅम झाले आणि मणाचे ३७ किलोग्रॅमहून थोडे अधिक. पायली-खंडीची भाषा गावच्या बोलण्यातून आजही पुरती गेलेली नाही. तरीही बाजार चालला, कारण जुन्या मापाचे नवे माप किती, याची कोष्टके तयार झाली आणि शाळाशाळांतून ती शिकविली गेली. माहितीच्या वेगाबाबतही हेच करावयाचे आहे. त्यासाठी गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे गणित लागत नाही.

तारेपासून टेलेक्सपर्यंत

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, त्या काळी दूरवरच्या तातडीच्या निरोपाला सर्वसामान्य माणसाचे साधन तार हेच होते. तारेचा वेग मिनिटाला किती शब्द, या मापाने सांगत. मोर्सच्या पद्धतीत प्रमाण शब्द ५० टिंबांएवढ्या कालावधीचा धरतात. मिनिटाला २० शब्द पाठविणाऱ्या तारमास्तराच्या हातून मिनिटात १,००० टिंबांचा काळ जातो, म्हणजे सेकंदाला साधारण १७ टिंबांचा. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, परंतु सेकंदाला किती खुणा, ही कल्पना मागे उरली.

या कल्पनेलाच पुढे ‘बॉड’ हे नाव मिळाले. फ्रेंच तार-अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून हे माप ओळखले जाते. एका सेकंदात तारेवर जितक्या खुणा उमटतात तितके बॉड. टेलेक्स यंत्राचा वेग ५० बॉड असे. त्यात एका अक्षरासाठी पाच खुणा, शिवाय आरंभाची एक आणि शेवटची दीड, अशा साडेसात खुणा लागत. ५० ला साडेसातने भागले म्हणजे सेकंदाला पावणेसातच्या आत अक्षरे येतात. मिनिटाला ती ४०० होतात आणि पाच अक्षरे व एक मोकळी जागा असा शब्द धरला तर साधारण ६६ शब्द. कसलेल्या तारमास्तराच्या तिप्पट काम हे यंत्र करी.

खूण आणि तिच्यातील माहिती

जुन्या फायली वाचताना पहिली अडचण येथेच येते. बॉड आणि ‘बिट’ एकच समजले जातात. बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण. हो किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढेच त्यात मावते. टेलेक्सच्या एका खुणेत एकच बिट असे, म्हणून त्या काळी बॉड आणि सेकंदाला बिट यांत फरक पडत नव्हता. पुढे टेलिफोनच्या तारेवरून संगणकाची माहिती नेणारा मॉडेम आला, आणि अभियंत्यांनी एकाच खुणेत दोन, चार, सहा बिट भरण्याची युक्ती काढली.

तेंदूपत्त्याच्या भाषेत सांगावयाचे तर बॉड म्हणजे सेकंदाला किती पुडे गेले, आणि बिट म्हणजे किती पाने गेली. पुड्यात पाने किती, हे कळल्याशिवाय पुड्यांवरून पाने मोजता येत नाहीत. ३०० बिटचा जुना मॉडेम ३०० बॉडचाच होता, कारण एका खुणेत एकच बिट. १,२०० बिटच्या पुढच्या मॉडेमच्या एका प्रकारात खुणा ६०० आणि प्रत्येक खुणेत दोन बिट असत. ९,६०० बिटचा मॉडेम २,४०० बॉडवर चाले, खुणेत चार बिट. १४,४०० बिटचा मॉडेमही २,४०० बॉडवरच चाले, खुणेत सहा बिट. यावरून नियम असा की बॉडला खुणेतील बिटांनी गुणावे, म्हणजे सेकंदाचे बिट मिळतात. फायलीत ‘९,६०० बॉड’ असे लिहिलेले आढळले, तर लिहिणाऱ्याला बहुधा ९,६०० बिट म्हणावयाचे होते, हे ध्यानात ठेवावे.

बिट आणि बाइट

दुसरी अडचण याहून मोठी आहे, कारण ती आजही रोज भेटते. आठ बिट मिळून एक ‘बाइट’ होतो. जोडणीचा वेग सांगताना बिट वापरतात, फाइलचे आकारमान सांगताना बाइट. इंग्रजीत लहान लिपीतील ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठ्या लिपीतील ‘बी’ म्हणजे बाइट, असा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठी पत्रात ‘१०० एमबी’ असे लिहिले की ते मेगाबिट की मेगाबाइट, हे कोणालाही सांगता येत नाही. फरक थोडाथोडका नव्हे, आठपट आहे.

समजा, एका ग्रामपंचायतीला सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी मिळाली. संगणकावर एखादी फाइल उतरवून घेताना पडद्यावर सेकंदाला ११ मेगाबाइट असा आकडा दिसला. सदस्य म्हणतील की शंभर सांगितले आणि अकराच दिले. तक्रार जाईल, उत्तर येईल, आणि दोन्ही पक्षांचा वेळ खर्ची पडेल. प्रत्यक्षात १०० ला ८ ने भागले की साडेबारा होतात. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर पत्ता आणि पडताळणीच्या खुणा घालाव्या लागतात, त्यांचा भार वजा जाता पावणेबारा मेगाबाइटच्या आसपास उरतात. म्हणजे अकरा मेगाबाइट मिळत असतील तर जोडणी जवळजवळ पूर्ण वेगाने चालू आहे.

याच्या उलटही घडू शकते. वेग तपासणाऱ्या साधनावर १२ हा आकडा दिसतो. सांगणारा म्हणतो, साडेबारा म्हणजेच शंभर, तेव्हा सर्व ठीक आहे. परंतु ते साधन मेगाबिट दाखवीत असेल, तर मिळालेला वेग ठरलेल्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी आहे. आकडा तोच, पण पहिल्या प्रसंगी तक्रार निराधार आणि दुसऱ्या प्रसंगी समाधान निराधार.

भाषेचाही या हिशेबाशी संबंध आहे. संगणकावर सध्या रूढ असलेल्या पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला व प्रत्येक मात्रेला तीन बाइट लागतात. ‘धानोरा’ या शब्दात तीन व्यंजने आणि तीन स्वरचिन्हे मिळून सहा घटक आहेत. त्यांचे १८ बाइट, म्हणजे १४४ बिट झाले. हेच नाव इंग्रजीत लिहिले तर सात अक्षरांचे ५६ बिट होतात. शिक्षकांनी हा हिशेब विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावा. आठाचा पाढा त्यामुळे नव्या कामाला लागतो.

हजार की एक हजार चोवीस

तिसरा घोळ ‘किलो’ या शब्दाचा आहे. संगणकाच्या स्मृतीचे माप दोनच्या पटीत वाढते, म्हणून तेथे किलो म्हणजे १,०२४ असे मानण्याची वहिवाट पडली. संदेशवहनात मात्र किलो म्हणजे १,०००, मेगा म्हणजे दहा लाख आणि गिगा म्हणजे शंभर कोटी. टेलिफोनच्या अंकीय वाहिनीचा वेग ६४ किलोबिट सांगतात, तो नेमका ६४,००० बिट असतो. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे ८ बिट, असा तो गुणाकार आहे.

अशा ३२ वाहिन्या एकत्र बांधल्या की ‘ई-१’ नावाची वाहिनी होते. भारतात दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी व कार्यालयांना भाड्याने देण्यासाठी ती वर्षानुवर्षे वापरली गेली. तिचा वेग २.०४८ मेगाबिट. हा आकडा पाहून पुष्कळांना वाटते की येथे १,०२४ चा हिशेब धरला आहे. तसे नाही. ३२ गुणिले ६४ म्हणजे २,०४८, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतील दोन वाहिन्या व्यवस्थेच्या कामी गेल्या की संभाषणाला ३० उरतात.

याहून मोठ्या जुन्या वाहिनीचे नाव ‘एसटीएम-१’. तिचा वेग १५५.५२ मेगाबिट. या आकड्याला २.०४८ ने भागले तर उत्तर पाऊणशेच्या घरात येते, परंतु प्रत्यक्षात तिच्यात ई-१ वाहिन्या मावतात ६३. बाकीची जागा चौकटीला आणि देखरेखीच्या माहितीला लागते. खंडीभर धान दळले की खंडीभर तांदूळ हाती येत नाही, कोंडा-तूस वजा जाते, तसाच हा प्रकार आहे. कागदावरचा आकडा आणि हाती येणारा आकडा यांत असे रास्त अंतर असते. ते किती असावे हे माहीत असेल, तरच गैरवाजवी अंतर ओळखता येते.

एक छायाचित्र आणि आठ वेग

या सर्व मापांचा मेळ एका उदाहरणाने घालता येईल. घरकुलाच्या कामाचे एक छायाचित्र तीन मेगाबाइटचे आहे असे धरू. त्याचे बिट होतात २ कोटी ४० लाख. वरचा भार बाजूस ठेवून नुसता भागाकार केला, तर ते पोहोचण्यास लागणारा वेळ असा :

टेलेक्स, ५० बिट : ५ दिवस १३ तास २० मिनिटे
जुना मॉडेम, ३०० बिट : २२ तास १३ मिनिटे
मॉडेम, ९,६०० बिट : ४१ मिनिटे ४० सेकंद
मॉडेम, ५६ किलोबिट : ७ मिनिटे ९ सेकंद
टेलिफोनची एक अंकीय वाहिनी, ६४ किलोबिट : ६ मिनिटे १५ सेकंद
जोडणी, २५६ किलोबिट : सुमारे ९४ सेकंद
ई-१ वाहिनी, २.०४८ मेगाबिट : सुमारे १२ सेकंद
प्रकाशतंतूची जोडणी, १०० मेगाबिट : पाव सेकंदाहून कमी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली, तेव्हाचे ग्राहक या यादीच्या वरच्या अर्ध्या भागात होते. आज ग्रामपंचायतींसाठी आखलेली योजना शेवटच्या ओळीची आहे.

एकच शब्द, बदलते माप

चौथी अडचण केवळ आकड्यांची नाही, शब्दाची आहे. ‘ब्रॉडबँड’ हा शब्द शासकीय अहवालांत सर्रास येतो. २००४ च्या धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असेल तर त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली. जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिटवर नेण्यात आली. म्हणजे २००६ च्या अहवालातील ब्रॉडबँड आणि २०२४ च्या अहवालातील ब्रॉडबँड यांत किमान वेगाचा फरक जवळजवळ आठपट आहे. तालुक्यातील ब्रॉडबँड असलेल्या शाळांची दोन वर्षांची संख्या शेजारी शेजारी मांडताना व्याख्या कोणत्या वर्षाची, हे लिहिले नाही तर प्रगती झाली की घसरण, हे ठरविता येणार नाही. २५६ किलोबिटची जुनी जोडणी तशीच राहिली असेल, तर तिच्यात काहीही न बिघडता ती ब्रॉडबँड या नावास अपात्र झाली आहे.

मोबाइल मनोऱ्यांचेही असेच. जुन्या २-जी पद्धतीतील माहितीसेवेचा कागदावरील कमाल वेग १७१.२ किलोबिट, म्हणजे सेकंदाला साधारण २१ किलोबाइट. सुधारित २-जी चा कमाल वेग ४७३.६ किलोबिट. आजच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही ब्रॉडबँडच्या खाली राहतात. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डाव्या उग्रवादाने प्रभावित भागांतील २,३४३ ठिकाणचे २-जी मनोरे ४-जी करण्यास मान्यता दिली. ज्या राज्यांत ही ठिकाणे आहेत त्यांत महाराष्ट्रही आहे. मनोरा आहे एवढ्यावर समाधान न मानता तो कोणत्या पिढीचा, हे का विचारावे लागते, ते या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

वाटून घेतलेला वेग

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस मान्यता दिली. तीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत सेकंदाला १०० मेगाबिटची सोय करावी, हे तिचे उद्दिष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली.

या योजनेच्या पहिल्या टप्प्यात ‘जीपॉन’ नावाचे तंत्र वापरले गेले. त्यात एकच प्रकाशतंतू पुढे अनेक शाखांत विभागला जातो. मुख्य तंतूचा येण्याचा वेग सुमारे २.४९ गिगाबिट आणि जाण्याचा त्याच्या निम्मा. शाखा ३२ असतील आणि सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकीच्या वाट्याला ७७.७६ मेगाबिट येतात. सर्वजण एकाच क्षणी मागणी करीत नाहीत, म्हणून एरवी अधिक मिळते. पाटाच्या पाण्याचे जसे, तसेच हे आहे. पाटाला पाणी किती आणि आपल्या बांधात किती, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

येण्याचा आणि जाण्याचा वेग वेगळा असतो, याचाही विसर पडू नये. चित्रफीत पाहणाऱ्याला येणारा वेग पुरतो. शाळेची माहिती भरणाऱ्या शिक्षकाला, कामाची छायाचित्रे पाठविणाऱ्या कर्मचाऱ्याला जाणारा वेग लागतो. नोंदीत एकच आकडा असेल तर तो बहुधा येण्याच्या वेगाचा असतो.

ग्रामपंचायतीने काय लिहावे

या तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे पासबुक तिच्या हाती आले. त्या दिवसापासून बांबू किती गेला, हे लिहिण्याचा अधिकार आणि जबाबदारी ग्रामसभेची झाली. पेसा क्षेत्रातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे संकलन व विक्री स्वतः करतात. मोजणे आणि लिहून ठेवणे ही त्यांच्या कारभाराची सवय झाली आहे. हीच सवय माहितीच्या जोडणीलाही लावता येईल.

जोडणी स्वीकारताना पाच गोष्टी नोंदवहीत असाव्यात. आकडा किती. माप कोणते, बिट की बाइट. येण्याचा वेग किती आणि जाण्याचा किती. जोडणी स्वतंत्र की वाटून घेतलेली, आणि वाटून घेतलेली असेल तर कितीजणांत. शेवटी, तपासणी कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी केली. सकाळी कार्यालये उघडण्यापूर्वीचा वेग आणि दुपारी सर्व केंद्रे चालू असतानाचा वेग सारखा नसतो, म्हणून दोन्ही वेळी तपासून लिहिणे इष्ट. पूर्वीच्या फायलीतील बॉड, ई-१ किंवा किलोबाइट यांचे आकडे नव्या नोंदीशी ताडून पाहावयाचे असतील, तर आधी सर्वांचे सेकंदाला बिट करून घ्यावेत आणि मगच तुलना करावी.

यांपैकी माप लिहिण्याची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. मराठीत ‘एमबी’ आणि ‘केबी’ ही आद्याक्षरे फसवी ठरतात, हे वर पाहिलेच. म्हणून ठरावात, पत्रात आणि तक्रारीत ‘सेकंदाला अमुक मेगाबिट’ किंवा ‘सेकंदाला अमुक मेगाबाइट’ असे पूर्ण शब्द लिहावेत. त्याने दोन-तीन अक्षरे वाढतील, पण वाद टळतील. पूर्ण शब्दांत लिहिलेली तक्रार टोलविणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जात नाही, आणि पूर्ण शब्दांत लिहिलेल्या नोंदीमुळे चांगले काम करणाऱ्या कर्मचाऱ्यावर विनाकारण ठपकाही येत नाही.

शासनाने प्रकाशतंतू गावापर्यंत आणावा, हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यातून प्रत्यक्षात किती माहिती वाहते, हे तपासणे मात्र गावालाच करावे लागेल. त्यासाठी आठाचा पाढा, एक वही आणि माप पूर्ण लिहिण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. या तिन्ही गोष्टी धानोरा तालुक्यातील प्रत्येक शाळेत आजही उपलब्ध आहेत.